औषध ‘गरम पडलें’ म्हणजे काय?

आमच्या धरणगांवीं औषध घेतल्यावर अंगावर पुरळ उठलें किंवा घेरी आली, कीं लोक म्हणतात, “औषध गरम पडलें.” गोळ्यांची पट्टी उकिरड्यावर जाते आणि हकीकत तेथेंच संपते. डॉक्टरांच्या कानीं ती क्वचितच पडते. पडली तरी बहुधा पुढें जात नाहीं.

ती पुढें कां जावी? १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरॉल दिलेले १४ रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विष होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. ही भेसळ होती, औषधाचा अंगभूत दोष नव्हे, हें खरें. परंतु भेसळ काय आणि दोष काय, परिणाम प्रथम उमटतो तो रोग्याच्याच अंगावर. एका रोग्यावरून फारसें उमगत नाहीं. निरनिराळ्या गांवच्या दहा हकीकती एके ठिकाणीं आल्या, म्हणजे संशयाला आकार येतो.

त्यासाठीं २०१० पासून देशांत औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचें मुख्य केंद्र गाझियाबादेस आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते यांप्रमाणेंच रोग्यासही विनामूल्य कळवितां येतें. पुरावा लागत नाहीं, संशय पुरे. नांव गुप्त राहतें. हा डॉक्टरांवर ठपका नव्हे, हें आमच्या भिडस्त मंडळींनीं ध्यानीं घ्यावें. औषध मात्र परस्पर बंद करूं नये, डॉक्टरांस विचारावें. आणि वेष्टण फेंकूं नये. त्यावरचा बॅच-क्रमांक कळवावयाचा असतो.