खिळा उंचवट्यावरच ठोका!

३ जून २०२०. अलिबागच्या दक्षिणेला किनारा गाठून ‘निसर्ग’ चक्रीवादळ घाट चढलं आणि मावळातल्या कित्येक घरांचे पत्रे उडाले.

पण वादळ नसतानाही इथल्या आंदर मावळात, टाकवे-वडेश्वरपासून ठोकळवाडी जलाशयाकाठच्या खांडीपर्यंत, पाऊस सरळ पडतच नाही. पश्चिमेचा वारा त्याला आडवा करतो. म्हणून इथे जुनी घरं ठेंगणी, वळचण लांब, पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नाहीच किंवा अगदी बारकी. फार्महाऊसवाले मात्र हौसेने तिकडेच भलीमोठी काच लावतात!

पत्रा गळतो तो बहुधा खिळ्यापाशी. खिळा पन्हळीच्या खोलगट भागात ठोकला की पाणी थेट भोकात. तो उंचवट्यावर हवा, वर डांबरी किंवा रबरी वायसर. वरचा पत्रा खालच्यावर किमान १५ सेंटीमीटर चढवावा. शेजारच्या दोन पत्र्यांचा सांधा वाऱ्याकडे उघडा नको. घाटाकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, टोकापासून पत्रे बसवायला घेतले, तर वारा त्यात शिरतो.

सरकत्या खिडकीच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजली, की पट्टीत साचलेलं पाणी घरात उतरतं. मे महिन्यात ती तारेने मोकळी करावीत. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसेल, तर पाणी छज्ज्याच्या पोटावरून ओघळत चौकटीपर्यंत येतं. ती खाच गवंड्याकडून आवर्जून करून घ्यावी.