वार एक की दोन?

गर्भवतीने जुळे केळे खाऊ नये, अशी ताकीद देणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया आपल्याकडे घरोघर आढळतात; परंतु पोटात जुळे आहे असे निष्पन्न झाल्यावर जो प्रश्न सर्वांआधी विचारावयास हवा, तो मात्र क्वचितच कोणाच्या मुखी येतो. वार एक आहे की दोन, हा तो प्रश्न.

दोन बीजे स्वतंत्रपणे फळली असतील, तर प्रत्येक गर्भाची वार निराळी असते. एकाच फलित बीजाचे विभाजन झाले असेल, तर बहुधा दोघांना एकाच वारेवर निर्वाह करावा लागतो, आणि तिच्यातील रक्तवाहिन्या परस्परांस जोडलेल्या असल्यामुळे, अशा 100 गरोदरपणांपैकी 10 ते 15 मध्ये एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे एकतर्फी वाहू लागते. देणारे बाळ खुरटते, त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्याच्या पिशवीत पाणी इतके साचते की आईचे पोट चार-आठ दिवसांत टम्म ताणते आणि तिला धाप लागते. ‘जुळे आहे, पोट मोठे दिसणारच’ या समाधानात हे लक्षण नेमके बुडून जाते. दुर्बिणीतून लेसरने त्या वाहिन्या बंद करणे हा इलाज वारंवार पाणी काढण्याहून सरस असल्याचे 2004 साली युरोपातील तुलनात्मक अभ्यासाने दाखविले. पण तो मोजक्या शहरांतच होतो, आणि निदानास विलंब झाला तर त्याचा उपयोग राहत नाही.

वारेचा निवाडा 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत स्वच्छ होतो. वार दोन असतील, तर मधला पडदा वारेला मिळतो तेथे त्रिकोणी टोक दिसते. एकच असेल, तर पातळ पडदा तिच्यावर काटकोनात टेकतो. पुढे ही खूण पुसट होते, म्हणून ती नोंद तेव्हाच कागदावर उतरवून घ्यावी. मुलगा की मुलगी हे विचारणे 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. वारेविषयी विचारण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही, आणि तरी आपली चौकशी पहिल्याच प्रश्नाभोवती घुटमळते! एक वार असल्यास 16व्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तपासणी लागते. दोन असल्यास साधारणतः महिन्याने भागते.

रक्तक्षय आणि वाढता रक्तदाब हे दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत अधिक. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बरगडीखाली कळ येणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट पाहू नये.

निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांपूर्वीच जन्मतात, आणि येथे वढू बुद्रुकसारख्या गावचा प्रश्न वेगळा होतो. भीमाकाठच्या या गावाहून पुण्याचे ससून रुग्णालय तिसेक किलोमीटर. पण ती वाट कोरेगाव भीमावरून नगर रस्त्याला लागते आणि वाघोलीच्या कोंडीतून जाते. 1 जानेवारीस कोरेगावच्या जयस्तंभापाशी लोटणाऱ्या गर्दीमुळे वाहतूक अन्यत्र वळविली जाते. फाल्गुन अमावास्येस संभाजी महाराजांच्या समाधीसाठी वढूतच गर्दी उसळते. प्रसूतीचा अंदाज या तिथींच्या आसपास येत असेल, तर पुण्यातील नातलगाकडे मुक्काम हलविण्याची तजवीज आधीच करावी. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, परंतु कोंडीत तीही अडकते. मुदतपूर्व प्रसूतीचा संभव दिसताच बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला जे इंजेक्शन देतात, त्याचा पुरता गुण येण्यास सुमारे एक दिवस लागतो. तेवढा अवधी हाताशी राहावा, इतक्या लवकर दवाखाना गाठावा.

दवाखाना ठरविताना खोलीचे भाडे शेवटी विचारावे. अपुऱ्या दिवसांच्या दोन बाळांना एकाच वेळी ठेवण्याची सोय तेथे आहे काय, आणि ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर नीट न आवळल्यास होणाऱ्या रक्तस्रावासाठी रक्त मध्यरात्रीही मिळेल काय, हे आधी विचारावे.