नागपूर विमानतळ

नागपूर विमानतळ : महाराष्ट्र राज्यातील एक आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो शहराच्या नैर्ऋत्येस सोनेगाव येथे असून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेचे हे केंद्र होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत व टपालाची अदलाबदल करून परतत. याच मध्यवर्ती स्थानाच्या आधारे विमानतळास दूर पल्ल्याच्या वाहतुकीचे केंद्र बनविण्यासाठी मिहान प्रकल्प आखण्यात आला. त्यासाठी २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि शिवणगाव, खापरी इ. गावांच्या जमिनी संपादित करण्यात आल्या.

तथापि अशा केंद्रास केवळ स्थान पुरत नाही. दूर पल्ल्याचे विमान रोज भरण्याइतके प्रवासी सहसा एका शहरातून मिळत नाहीत. अनेक मार्गांवरून आलेल्यांना अल्पावधीत पुढील विमान मिळावे लागते. असे वेळापत्रक मुख्यतः तेथे तळ असलेली विमानकंपनीच राखू शकते. दुबईस १९८५ मध्ये स्थापन झालेल्या एमिरेट्समुळे हे साधले. नागपुरात विमानदुरुस्ती केंद्र व उद्योग आले. परंतु अशी कंपनी न लाभल्याने मूळ उद्दिष्ट अपुरे राहिले आणि विस्थापितांच्या मोबदल्याचा व पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला.