घोड्याला पुरेल एवढे रान

डोंगराच्या उतरणीखालचे एखादे खोरे, कडेने वाहणारा ओढा, बांधीव विहीर, दहा-बारा ठाणांचा तबेला आणि घोडी मोकळी सोडावीत असे विस्तीर्ण रान, अशा वर्णनाची मालमत्ता विक्रीस निघाल्याचे कानी आले म्हणजे ज्याला अश्वाचा नाद आहे त्या माणसाचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. शर्यतीच्या घोड्यांची पैदास करणाऱ्या महाराष्ट्रातील नामांकित संस्था पुण्याच्या आसमंतात वाढल्या. त्यांपैकी पूनावाला कुटुंबाच्या संस्थेची स्थापना १९४६ सालची. तिकडील जमीन आता सामान्य ऐपतीच्या हौशी माणसाच्या आवाक्यात उरलेली नाही. उलटपक्षी, ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून मेहकर, सिंदखेड राजा यांसारखे बुलढाणा जिल्ह्यातील तालुके शहरवासीयांना एकाएकी जवळचे वाटू लागले आहेत. तेव्हा या जिल्ह्याच्या डोंगरी भागात घोड्यांसाठी जमीन घ्यावी काय, घेतल्यास काय पारखावे आणि कोणते कागद वाचावेत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बुलढाणा जिल्ह्याची भूमी मुळातच दुभंगलेली आहे. अजिंठ्याची डोंगररांग मधून गेल्याने वरचे पठार आणि खालचे पूर्णेचे खोरे असे दोन प्रदेश पडतात, ज्यांना जुन्या वऱ्हाडात बालाघाट व पायनघाट म्हणत. आणि पूर्णेच्या पलीकडे, संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांच्या उत्तर सीमेवर, सातपुडा उभा आहे. पूर्णाकाठची काळी, खोल, चिकण माती कापसाला मानवते. घोड्याच्या खुराला मात्र ती वैरीण आहे, कारण पावसाळाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावराचे खूर सडतात. त्यातच तेथील कित्येक गावे खारपाण पट्ट्यात मोडतात आणि विहिरीचे पाणी मचूळ लागते. याउलट राजूर घाट चढून वर आले, किंवा बोथ्याच्या घाटाकडे ज्ञानगंगेच्या बाजूस गेले, म्हणजे मुरमाड, निचऱ्याची जमीन लागते, हवा उन्हाळ्यातही खालच्यापेक्षा सुसह्य असते आणि बुलढाणा तालुक्यातच उगम पावणारी पैनगंगा चिखली-मेहकरकडे वाहत जाताना तिच्या दोहों अंगांस लहान लहान खोरी पडत जातात. घोड्यांसाठी जमीन शोधणाऱ्याने याच वरच्या अंगाला फिरावे.

या मुलखाला घोडा परका नाही. सिंदखेडच्या ज्या जाधवरावांच्या घरी १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला, त्या लखुजीरावांची प्रतिष्ठा मुख्यतः त्यांच्या पदरी असलेल्या घोडदळावर उभी होती. त्याच सिंदखेडापासून फार दूर नसलेल्या साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता स्थापिली, आणि १७५७ च्या अखेरीस सिंदखेडलाच मराठे व निजाम यांची गाठ पडली. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाला, तोही हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चासाठी. आणि त्या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे असल्याने येथल्या रयतेचा महसूल कित्येक वर्षे अप्रत्यक्षपणे घोड्यांच्या दाणावैरणीवर खर्ची पडत होता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. परंतु दोघांचीही भिस्त अखेर गवतावर होती, म्हणून प्रत्येक पागेच्या आश्रयाला राखीव कुरण असे.

ते कुरणच आज दुर्मिळ झाले आहे, आणि माझ्या मते खरेदीचा सगळा विचार तेथून सुरू झाला पाहिजे. साडेतीनशे किलो वजनाच्या घोड्याला दिवसाकाठी सात ते नऊ किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे वर्षाचा हिशेब अडीच-तीन टनांवर जातो. सात-आठशे मिलिमीटर पावसाच्या मुरमाड माळावर नैसर्गिक गवताचा उतारा बेताचाच असल्याने एका घोड्यामागे तीन-चार एकर धरणेच शहाणपणाचे. महाराष्ट्र शेतजमीन (जमीनधारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ अन्वये पाच माणसांपर्यंतच्या एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन ५४ एकरांपेक्षा अधिक धारण करता येत नाही. यावरून वाचकाने स्वतःच गुणाकार करावा: केवळ आपल्या रानावर पोसावयाचे तर पंधराएक घोड्यांपलीकडे फारसे जाता येत नाही. पूर्वी उणीव कडब्याने भरून निघे. आता जिल्ह्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, सोयाबीनच्या भुसकटावर घोडा पोसत नाही, आणि कडबा विकत घ्यावयाचा म्हटले तर त्याचा भाव ऐकून भलाभला मालक विचारात पडतो.

गवतही पारखून घ्यावे लागते. मारवेल, शेडा, पवन्या, बांधाकडेची हरळी, ही रानाची खरी संपत्ती. परंतु ज्या माळावर वर्षानुवर्षे अनिर्बंध चराई झाली तेथे कुसळीचे साम्राज्य पसरते, आणि तिची टोकदार कुसळे पिकल्यावर घोड्याच्या ओठांत, हिरड्यांत व जिभेखाली रुततात; जनावर तोबऱ्यात तोंड घालते, पुन्हा बाहेर काढते, लाळ गाळते, आणि जबडा उघडून पाहावे तो आत बारीक गळवे उठलेली असतात. म्हणून आश्विनात, कुसळ धरण्यापूर्वीच, गवत कापून गंजी लावणारा मालक हुशार समजावा. विक्रीस निघालेल्या रानात अशी गंजी दिसली तर ती तबेल्याच्या फरशीहून अधिक लक्षपूर्वक पाहावी.

पाण्याचे तसेच. घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून अधिक. एवढे पाणी साधारण विहीरही देते. खरी कसोटी आहे ती हिरव्या चाऱ्याची, कारण व्यालेल्या घोडीला आणि वाढत्या शिंगराला घास हवा, आणि घासाचा वाफा वैशाखातही भिजवावा लागतो. श्रावणात पाहिलेला ओढा कोणालाही मोह घालील. विहीर मात्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाहावी आणि पंप चालू करून किती वेळ पाणी टिकते ते तेथेच उभे राहून अजमावावे.

वन्य श्वापदांचा विचारही टाळून चालत नाही. बुलढाणा व खामगाव यांच्या दरम्यान सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य आहे; तेथे बिबट्या व अस्वल यांचा वास असून २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटरांची पायपीट करून तेथवर पोहोचला, हे वृत्त देशभर गाजले होते. अशा जंगलालगत रान घेणाऱ्याने रात्री शिंगरे बंदिस्त ठेवण्याची सोय आधी करावी, आणि संरक्षित क्षेत्राभोवतीचे निर्बंध आपल्या गटाला लागू होतात काय, हे वनखात्याकडून लेखी विचारून घ्यावे.

आता कागदांकडे वळू. विक्रेता हात पसरून समोरचा डोंगर दाखवितो, तेव्हा तो सगळाच त्याच्या सातबाऱ्यावर असतो असे नाही. वऱ्हाडात गावोगाव ई-क्लास म्हणून ओळखली जाणारी सरकारी चराईची जमीन असून ती पुष्कळदा खासगी रानाला लागूनच असते. कुंपण नकळत किंवा जाणूनबुजून तिच्यात सरकविलेले असते, आणि खरेदीखतानंतर अतिक्रमणाची नोटीस मात्र नव्या मालकाच्या नावाने निघते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे कायम करू नयेत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणात घालून दिला आहे. म्हणून सातबारा, आठ-अ आणि मागील फेरफार पाहून थांबू नये. भूमी अभिलेख खात्याकडून सरकारी मोजणी करवून हद्दीच्या खुणा डोळ्यांनी पाहाव्यात. गावाचे निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज उपलब्ध असल्यास तेही वाचावे, कारण चराई, सरपण, पाणवठा व जाण्यायेण्याची वहिवाट यांविषयीचे गावकऱ्यांचे हक्क तेथे नमूद असतात आणि जमिनीचा मालक बदलला म्हणून ते नाहीसे होत नाहीत.

खरेदीदाराची पात्रता हा दुसरा मुद्दा. विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर हस्तांतरापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते; आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, जेथे आदिवासी बांधवांची वस्ती आहे, तेथे आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर निर्बंध घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते, व ते आडवे यावे हेच न्याय्य आहे. पोहोचरस्ता कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या मर्जीवर, याचा उलगडा इसार देण्यापूर्वी व्हावा. पांदण नकाशात नसेल तर त्याच संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण त्या वाटेने जाणाऱ्याला धीर फार लागतो.

जमीन मिळाली तरी माणूस मिळावा लागतो. मोतद्दार, नालबंद आणि घोड्याची नाडी जाणणारा सालोत्री ही परंपरा आता क्षीण झाली आहे. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा आहे. लाथा झाडणाऱ्या त्या घोड्याच्या चार पायांमध्ये गजानन महाराज निवांत निजले आणि घोडा शांत झाला. शेगावच्या भाविकाला ती महाराजांच्या अधिकाराची साक्ष वाटते, आणि घोडी सांभाळणाऱ्याला तिच्यातून हेही उमजते की या जनावराला समोरच्याच्या मनातील भय क्षणात कळते. सर्रा हा माश्यांनी पसरणारा ज्वर, पोटशूळ, धनुर्वात यांची लक्षणे वेळीच ओळखणारा माणूस रानावर मुक्कामाला नसेल तर उत्तम तबेलाही व्यर्थ. ग्लँडर्सचा संशय आला तर नमुना तपासणीस पाठवावाच लागतो, आणि रोग सिद्ध झाल्यास घोडा मारावा लागतो. विकत घेताना त्या तपासणीचा दाखला मागण्यास संकोच करू नये.

उत्पन्नाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली; २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या बाजारात उमद्या घोड्यांच्या मोठ्या किमती पुकारल्या जातात हे खरे. परंतु अकरा महिने गाभण राहून घोडी एकच शिंगरू देते आणि ते विकण्याजोगे होईपर्यंत वर्षे जातात. लग्नाच्या वरातीचे भाडे हंगामी असते. ज्याला व्याज मोजावे लागणार आहे त्याने कर्ज काढून असे रान घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

मग घ्यावे कोणी? ज्याला गवत राखावयाचे आहे त्याने. या डोंगरांतून आजही मेंढपाळ धनगरांचे वाडे फिरतात. पुढे मेंढरांचा कळप, मागे ठेंगण्या तट्टांची रांग, त्यांच्या पाठीवर वाकळा, भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि सर्वांवर बसविलेले एखादे तान्हे मूल, असा तो संसार उतरणीवरून सरकत जातो आणि तट्टाचा एकही पाय मुरमावर घसरत नाही. भीमथडी म्हणून दख्खनच्या इतिहासात नावाजलेला आणि आता देशी वाण म्हणून अधिकृत नोंद लाभलेला घोडा याच काटक कुळातला, आणि तो आजवर टिकला तो मुख्यत्वे या भटक्या मेंढपाळांच्या वाड्यांत. असल्या मुलखात मारवाडातून उंच, नखरेल घोडी आणून त्यांना विकतच्या चाऱ्यावर पोसण्यापेक्षा दोन-चार चांगल्या भीमथडी घोड्या ठेवून त्यांची शुद्ध पैदास करणे मला अधिक श्रेयस्कर वाटते.

ज्यांना असे रान घ्यावयाचे आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, इसारपावतीवर सही करण्यापूर्वी एक वेळ भर उन्हाळ्यात व एक वेळ भर पावसात तेथे जावे, तलाठ्यास भेटावे, शेजारच्या बांधावरील शेतकऱ्यापाशी बसून पाण्याची व वाटेची हकीकत ऐकावी, आणि कुंपण घालताना धनगरांचा वाडा ज्या वाटेने दरसाल जातो ती वाट मोकळी सोडावी.