पवनचक्कीच्या पायथ्याशी कॉड

समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे मासे पळून जातात का? बेल्जियमच्या घेंट विद्यापीठातल्या यान रूबेन्स यांनी थॉर्नटन बँक या समुद्रातल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावरच्या पवनचक्क्यांपाशी कॉड माशांच्या शरीरात ध्वनिसंकेत देणारे टॅग बसवून याचा माग काढला. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: उन्हाळा आणि शरदात कॉड बहुतेक वेळ पवनचक्क्यांच्या काँक्रीटच्या पायापासून ५० मीटरच्या आतच असतात, हिवाळ्यात निघून जातात. मला सगळ्यात भारी वाटली ती पोटातल्या अन्नाची तपासणी! त्यात सापडले पायावरच वाढणारे जासा नावाचे चिमुकले कवचधारी जीव आणि बारीक खेकडे. म्हणजे मासे तिथे नुसते आसऱ्याला येत नाहीत, पोटभर खातातही. काही पवनचक्क्या उभारताना समुद्रतळात खांब ठोकण्याचा प्रचंड आवाज माशांना इजा करू शकतो, तो प्रश्न वेगळा आणि तितकाच गंभीर.