आठशेचं हार्ट ट्रान्सप्लान्ट

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पांढरी मारुती 800 उभी असते. 1997 चं मॉडेल. चार गिअर, कार्बोरेटर आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय ढिम्म न हलणारी. बाबांची पहिली गाडी! भंगारवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा दोन दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. मग मीच फुशारकी मारली, ‘‘बाबा, इंजिन काढू, मोटर बसवू. इथेच पार्किंगमध्ये. दिवाळीच्या सुट्टीत होऊन जाईल.’’

गंमत म्हणजे कागदावर हे फार अवघड नाहीच. 796 सीसीचं इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, सगळं बाहेर. गिअरबॉक्स तशीच ठेवायची आणि इंजिनच्या जागी मोटर. दोघांना जोडणारी प्लेट लेथवर करून घ्यायची. ती जराशी जरी तिरकी बसली तरी शाफ्ट थरथरतो आणि बेअरिंगची वाट लागते. एवढ्या छोट्या गाडीला किलोमीटरला साधारण 100 वॅट-अवर धरा. म्हणजे 100 किलोमीटरसाठी 10 युनिटची बॅटरी. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 3.2 व्होल्टचे, 130 अँपिअर-अवरचे 24 सेल ओळीने जोडले की हिशेब जुळतो. घरातल्या 15 अँपिअरच्या प्लगवर चारेक तासांत फुल्ल!

इथपर्यंत मी जाम खूश होते. मग एकेक भानगड कळत गेली. बॅटरीच्या पेटीचं वजन शंभर किलोच्या आसपास, आणि अख्खी गाडी साडेसहाशेची. सगळं डिकीत टाकलं तर मागून बसणार आणि वळणावर पुढची चाकं हलकी पडणार. ब्रेकला सर्वो असेल तर त्याला लागणारं व्हॅक्यूम इंजिनच पुरवतं. इंजिन गेलं की वेगळा इलेक्ट्रिक पंप हवाच, नाहीतर ब्रेक दगडासारखा कडक. आणि ‘75 व्होल्टने काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी : सेलच्या दोन टोकांवर पाना पडला तर तो चक्क वितळू शकतो. फ्यूज आणि बीएमएस ही चैन नव्हे. काम करताना अंगठ्या-बांगड्या कपाटात.

हे सगळं जमवता आलं असतं. गाडी अडली कागदावर. एका गॅरेजवाल्याने ऑफर दिली, ‘‘ताई, टेन्शन नका घेऊ. बॉनेट उघडून कोण बघतंय?’’ खरं सांगते, मोह झाला. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल मनाने करता येत नाही. एआयएस-123 या मानकाप्रमाणे तपासून मंजूर झालेलं, आपल्या मॉडेलला चालणारं किट लागतं. ते बसवायचं अधिकृत इन्स्टॉलरने. मग आरटीओ आरसीवर इंधन बदलून देतं आणि हिरवी नंबरप्लेट मिळते. या तपासण्या करणारी एक संस्था आपल्याच पुण्यात आहे. रविवारी सकाळी आपण जिच्या नावाच्या टेकडीवर चढतो, तीच एआरएआय! कागदाशिवाय रस्त्यावर आणली आणि उद्या काही झालं, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शेजारच्या सीटवर बाबा असणार होते. गॅरेजवाल्याला नाही म्हटलं.

पैसे वाचतात का? किटसाठी मला सव्वाचार लाखांचा कोट मिळाला. पेट्रोल शंभरीपार, अ‍ॅव्हरेज पंधराचं, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. विजेवर एक-सव्वा रुपया. वर्षाला 5,000 किलोमीटर चालवली तर वाचतात जेमतेम तीस हजार. चौदा वर्षं थांबा! तेव्हा बॉस, बचतीसाठी हे करू नका. त्यापेक्षा सेकंडहँड इलेक्ट्रिक बघा.

आम्ही तरीही करतोय. किट इन्स्टॉलरच बसवेल, घरी फक्त बॉडीचं काम. पत्राच कुजका असेल तर बॅटरी कशावर ठेवणार? दर रविवारी बाबा पॉलिशपेपर घेऊन फ्लोअरचा गंज घासतात. परवा मध्येच थांबले.

‘‘काय गं, सुरू केल्यावर आवाज अजिबातच येणार नाही का?’’

‘‘नाही, बाबा.’’

‘‘हं,’’ म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले.