विश्लेषण : माळ्यावरच्या ‘वेताळ’ची किंमत नेमकी किती?

दिवाळीची साफसफाई असो की माळवदाचे जुने घर पाडून स्लॅब टाकायचा असो, नांदेड-लातूरकडे अशा वेळी हमखास एखादी लोखंडी संदूक उघडली जाते. आत जुने दाखले, लग्नपत्रिका, ‘चांदोबा’चे अंक आणि त्यांच्यामध्ये दबलेल्या पातळ रंगीत पुस्तिका निघतात. मुखपृष्ठावर अंगासरशी कपडे घातलेला, डोळ्यांवर मुखवटा चढवलेला वेताळ. घरातला एक जण म्हणतो, रद्दीत घाला. दुसरा मोबाइल पुढे करतो : अमेरिकेत एक कॉमिक कोट्यवधींना गेले म्हणे! चूक दोघांचीही होते, पण पहिल्याची चूक नंतर सुधारता येत नाही.

‘इंद्रजाल’ म्हणजे काय?

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही मालिका सुरू केली. पहिल्या अंकाची किंमत ६० पैसे. ली फॉक या अमेरिकी लेखकाचा ‘फँटम’ इंग्रजीबरोबर हिंदी आणि मराठीतही आला आणि मराठीत त्याचे नाव झाले वेताळ. गावाच्या वेशीवर वेताळाचा दगड ज्यांनी पाहिला होता, त्या मुलांना हे नाव परके वाटण्याचे कारण नव्हते. सुरुवातीला मासिक असलेली ही मालिका पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाली. जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन असे नायक तिच्यात येत गेले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ उभा केला. जीन्सवर भगवा कुर्ता घालून डाकूंशी लढणारा हा नायक अस्सल देशी होता. १९९० मध्ये मालिका बंद पडली, तोवर तिचे आठशेच्या आसपास अंक निघाले होते.

वेताळाला ‘सुपरहिरो’ म्हणावे का, यावर संग्राहक आजही वाद घालतात. त्याच्याकडे अलौकिक शक्ती नाही. पण मुखवटा, घट्ट पोशाख आणि गुप्त ओळख घेऊन तो फेब्रुवारी १९३६ मध्ये वृत्तपत्रात अवतरला, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी.

कोट्यवधींची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा दिसला, त्या १९३८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ६० लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५० कोटी रुपयांना गेली. मूळ किंमत होती १० सेंट. पण ही किंमत केवळ वयामुळे मिळालेली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घरोघरी कागद गोळा केला गेला आणि असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली. उरलेल्या मोजक्या प्रतींमागे श्रीमंत खरेदीदार लागले. तिथे प्रतीची अवस्था ठरवणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत. त्या १० पैकी गुण देऊन प्रत पारदर्शक कवचात सीलबंद करतात. त्यामुळे खरेदीदार प्रत हातात न घेताही बोली लावतो.

‘इंद्रजाल’च्या बाजारात यातले जवळपास काहीच नाही. गुणांकन नाही की अधिकृत दरपत्रक नाही. व्यवहार होतो तो ओळखीतून, संग्राहकांच्या गटांतून, जुनी पुस्तके विकणाऱ्यांकडून आणि ऑनलाइन विक्रीच्या ठिकाणी. ढोबळ मानाने सांगायचे तर १९८० च्या दशकातले साधे अंक शेकड्यांच्या हिशेबात आणि १९६० च्या दशकातले सुरुवातीचे अंक, तेही चांगल्या अवस्थेत असतील तर, हजारांच्या हिशेबात बोलले जातात. कोटी इथे कुणीच बोलत नाही.

मराठी प्रत दुर्मीळ, मग महाग का नाही?

खरा गोंधळ इथेच होतो. दुर्मीळ आणि महाग हे एकच नव्हे. इंग्रजी आणि हिंदी अंकांना देशभर गिऱ्हाईक आहे, मराठी अंक मागणारा मात्र मराठी वाचणाराच असणार. त्यामुळे एखादा मराठी अंक शोधूनही सापडत नसला, तरी त्यासाठी पैसे मोजायला दोघेच तयार असतील तर भाव चढत नाही. उलटही घडते. एखाद्याच्या मराठी संचात नेमके चारच अंक कमी असतील, तर त्या चारांसाठी तो हवा तो भाव देतो. पाचव्याकडे तो पाहणारही नाही.

मराठी अंक टिकले कमी, यामागे कारणेही आहेत. ही पुस्तके जपायची म्हणून कुणी घेत नव्हते. ती भाड्याने मिळत, सुटीत गल्लीभर फिरत, शेवटी किराणा दुकानात पुड्या बांधायला जात. मराठवाड्याच्या वाट्याला आणखी एक घाव आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरातली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, तिथे वही-पुस्तकांचा हिशेब कोण ठेवणार?

किंमत कशावर ठरते?

आधी अंक पूर्ण आहे का ते पाहा. सुरुवातीच्या अंकांत वेताळाच्या कथेबरोबर सामान्यज्ञानाचीही पाने असत. कथा शाबूत आणि ती पाने फाटलेली, असे खूपदा दिसते. मधले जोडपान पिनेतून सुटून हरवलेले असते. मुखपृष्ठ नसेल तर क्रमांक कितीही जुना असो, भाव कोसळतो. चिकटपट्टी लावलेली असेल तर ती डाग सोडते. पण सगळ्यात मोठे नुकसान प्रेमापोटी झालेले आहे. हौशी पालकांनी दहा-बारा अंक एकत्र शिवून घेतले, बाइंडरने कडा कापून सरळ केल्या आणि चित्रांचे काठही त्याबरोबर गेले. असा बांधीव खंड वाचायला उत्तम, विकायला मात्र कमजोर. तरीही तो उसवू नये. उसवताना पाठ फाटते आणि आहे तेही जाते.

‘इंद्रजाल’ बंद झाल्यावर डायमंड कॉमिक्ससह इतर प्रकाशकांनीही वेताळाच्या कथा छापल्या. त्यामुळे वेताळ दिसला म्हणजे ‘इंद्रजाल’च, असे नाही. मुखपृष्ठावरचे मालिकेचे नाव आणि आतली प्रकाशकाची ओळ वाचल्याशिवाय किंमत बोलू नये.

प्रत कधीची, हे कसे ओळखायचे?

सुरुवातीच्या अंकांवर सलग क्रमांक असे. १९८० च्या दशकात ‘खंड आणि अंक’ अशी पद्धत आली. छापील किंमतही वर्षांनुसार वाढत गेलेली दिसते. पहिले पान गेले असेल तर आणखी एक खूण आपल्याच भागाची आहे. भाड्याने पुस्तके देणारे दुकानदार आत रबरी शिक्का मारत. त्यावर ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असे असेल, तर तो शिक्का लातूर जिल्हा होण्याआधी, म्हणजे ऑगस्ट १९८२ पूर्वी बनवलेला. अर्थात जुना शिक्का झिजेपर्यंत वापरणारे दुकानदारही असतात, तेव्हा हा अंदाज झाला, पुरावा नव्हे. बाजारात असा शिक्का दोष मानला जातो आणि किंमत थोडी उतरते. लातूरच्या माणसाला मात्र तो शिक्काच जास्त मोलाचा वाटू शकतो.

विकताना फसवणूक कुठे होते?

दोन टोकांना. एक खरेदीदार सगळी पेटी ‘ठोक भावात’ मागतो आणि त्यातले पाच-सहा अंक वेगळे काढून सगळ्याचा पैसा वसूल करतो. म्हणून आधी यादी करावी, मग बोलावे. विक्रीच्या ठिकाणी लिहिलेला आकडा ही मागणी असते. प्रत्यक्षात किती मिळाले, ते विकल्या गेलेल्या प्रतींवरून पाहावे.

दुसरे टोक जास्त धोक्याचे आहे. जुन्या नोटा-नाण्यांना लाखो रुपये देतो म्हणून आधी शुल्क उकळणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. तीच युक्ती कोणत्याही जुन्या वस्तूवर चालते. ‘तुमचे कॉमिक पाच लाखांना घेतो, आधी नोंदणीचे अडीच हजार पाठवा’ असा निरोप आला तर तिथेच थांबावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

ठेवायचेच असतील तर?

हा कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, त्यातल्या आम्लामुळे तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. पत्र्याखालचा माळा ही त्याच्यासाठी सर्वांत वाईट जागा. उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान, लगेच पावसाळी ओल आणि जोडीला वाळवी. लॅमिनेशन अजिबात करू नये, ते परत निघत नाही. नरम प्लास्टिकची पिशवी काही वर्षांत छापील पानाला चिकटते, पॉलिप्रॉपिलीनची चालते. प्रत्येक अंक वेगळ्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा आणि पेटी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून दूर, सावलीच्या खोलीत ठेवावी. गंजलेली पिन हाताने ओढू नये, भोवतालचा कागद तिच्याबरोबर तुटतो. क्रमांक लिहायचा तर पेन्सिलने, तोही अंकावर नव्हे, पिशवीतल्या चिठ्ठीवर.